पाण्याच्या पृष्ठभागाचा शोध घेणारी विदुषी : आग्नेसबाई पॉकेल्स

ज्यांनी शास्त्रांत मोलाची भर घातली, त्यांची चरित्रे वाचू लागले म्हणजे नामांकित विद्यापीठ, सुसज्ज प्रयोगशाळा, विद्वान गुरू आणि पुढे शिष्यांचा परिवार, असा क्रम बहुधा आढळून येतो. आज ज्या बाईंचे चरित्र विद्यार्थी व विद्यार्थिनी ह्यांजपुढे ठेवावयाचे योजिले आहे, त्यांच्या वाट्यास ह्यांपैकी एकही गोष्ट आली नाही. विद्यार्थिनी म्हणून त्यांनी विद्यापीठाची पायरी कधी चढली नाही, कोणत्याही शास्त्रीय संस्थेत त्या नोकरीस नव्हत्या, आणि आयुष्याचा बहुतेक काळ त्यांनी आजारी मातापितरांची शुश्रूषा व घरकाम ह्यांत घालविला. असे असूनही पाणी, तेल आणि साबण ह्यांचे परस्परांशी नाते कसे असते, एकमेकांत न मिसळणारे दोन द्रव कशामुळे एकत्र नांदतात व कशामुळे पुन्हा विभक्त होतात, ह्या ज्ञानाचा पाया ज्या थोड्या लोकांनी घातला, त्यांत त्यांची गणना होते. त्यांचे नाव आग्नेस पॉकेल्स.

आग्नेसचा जन्म १४ फेब्रुवारी १८६२ रोजी इटलीतील व्हेनिस शहरी झाला. त्या काळी तो मुलूख ऑस्ट्रियाच्या अमलाखाली होता आणि तिचे वडील थिओडोर पॉकेल्स हे ऑस्ट्रियाच्या सैन्यात अधिकारी होते. तेथील हिवतापाने त्यांच्या प्रकृतीस कायमचा धक्का बसला. त्यामुळे नोकरीची मुदत पुरी होण्यापूर्वीच निवृत्त होऊन १८७१ साली ते कुटुंबासह उत्तर जर्मनीतील ब्राउनश्वाइग ह्या गावी येऊन राहिले. आग्नेस त्या वेळी नऊ वर्षांची होती. येथेच तिचे शिक्षण झाले आणि पुढील सर्व आयुष्य तिने ह्याच गावी काढिले.

ब्राउनश्वाइग येथील नगरपालिकेच्या मुलींच्या शाळेत तिला घालण्यात आले. सृष्टिपदार्थांविषयी, विशेषेकरून पदार्थविज्ञानाविषयी, तिला बालपणापासून अतिशय गोडी होती. परंतु मुलींच्या शाळेत ह्या विषयाचे जे शिक्षण मिळे ते अगदी जुजबी होते, आणि शाळा संपल्यावर पुढचा मार्ग बंद होता. त्या काळी जर्मनीतील विद्यापीठे मुलींना प्रवेश देत नसत. प्रशियाच्या विद्यापीठांनी आपली दारे स्त्रियांस रीतसर उघडली ती १९०८ साली. त्या वेळी आग्नेसबाई सेहेचाळीस वर्षांच्या झाल्या होत्या. तत्पूर्वी कोठे कोठे स्त्रियांना शिकण्याची थोडीबहुत मुभा मिळू लागली होती. परंतु तिने जाऊ नये अशी मातापितरांची इच्छा पडली आणि ती इच्छा तिने शिरसावंद्य मानिली. घरी आजारपण होते, काम करणारे दुसरे कोणी नव्हते, आणि अविवाहित मुलीने घर सांभाळावे असा त्या समाजाचा दंडक होता.

तिला एक धाकटा भाऊ होता, त्याचे नाव फ्रीड्रिख. तो १८६५ साली जन्मलेला, म्हणजे तिच्याहून तीन वर्षांनी लहान. त्यालाही पदार्थविज्ञानाचीच आवड होती. परंतु तो मुलगा असल्यामुळे त्याला ग्योटिंगेनच्या विद्यापीठात जाता आले. पुढे तो हायडेलबर्ग येथे प्राध्यापक झाला, आणि विजेच्या दाबाने काही स्फटिकांतून जाणाऱ्या प्रकाशात जो फरक पडतो तो त्याच्या नावाने ओळखला जातो. एकाच घरात, एकाच आवडीची दोन मुले वाढली. एकास विद्यापीठ मिळाले, दुसरीस मिळाले नाही. तथापि ह्या भावाची एक गोष्ट मोठी आहे. त्याने आपली पुस्तके बहिणीस वाचावयास दिली आणि नवीन ज्ञानाची वाट तिला मोकळी करून दिली. शाळेत न मिळालेले गणित व पदार्थविज्ञान तिने घरची कामे आटोपून ह्या पुस्तकांवरून आपले आपण शिकून घेतले.

आता तिने कोणता विषय हाती घेतला ते पाहू. पाण्याने काठोकाठ भरलेल्या पेल्यात आणखी थोडे पाणी जपून घातले तर ते लगेच सांडत नाही, कडेच्या किंचित वर फुगून राहते. स्वच्छ पाण्यावर सुई हलक्या हाताने आडवी ठेविली तर ती तरंगते. जणू पाण्यावर एखादे ताणलेले कातडे असावे, असे हे वर्तन आहे. ह्या गुणास पृष्ठताण म्हणतात. पाण्याचे रेणू एकमेकांस सर्व बाजूंनी ओढीत असतात. परंतु पृष्ठभागावरील रेणूंना वरून ओढणारे पाणी नसल्यामुळे ते आतल्या बाजूस ओढले जातात आणि पृष्ठभाग शक्य तितका लहान होऊ पाहतो. ह्याच पाण्यावर तेलाचा थोडासा अंश पडला, किंवा साबण लागला, म्हणजे हा ताण एकाएकी उतरतो आणि तरंगणारी सुई बुडते. भांडी घासणाऱ्या व कपडे धुणाऱ्या प्रत्येक गृहिणीच्या डोळ्यांसमोर ही गोष्ट रोज घडत असते. परंतु ताण किती उतरतो, किती अंशाने उतरतो, आणि कोणत्या क्षणी उतरू लागतो, हे मोजावे असे फारच थोड्यांच्या मनात आले होते.

सुमारे अठरा वर्षांच्या वयात आग्नेसने हे मोजण्यास आरंभ केला. विकत घेतलेली उपकरणे तिच्यापाशी नव्हती. जे घरात होते त्यावरच तिने भागविले. १८८२ च्या सुमारास तिने पत्र्याचे एक उथळ पन्हळ सिद्ध केले. ते सत्तर सेंटिमीटर लांब, पाच सेंटिमीटर रुंद व दोन सेंटिमीटर खोल होते. ते पाण्याने काठोकाठ भरून त्यावर सुमारे दीड सेंटिमीटर रुंदीची पत्र्याची पट्टी अशी आडवी ठेवावयाची, की पट्टीचा तळ पाण्यास टेकून पृष्ठभागाचे दोन भाग व्हावेत. पट्टी एका बाजूस सरकविली म्हणजे त्या बाजूचा पृष्ठभाग आकसतो व दुसऱ्या बाजूचा पसरतो. किती सरकविली ते शेजारच्या मोजपट्टीवर वाचता येते. पृष्ठताण मोजण्यासाठी तिने सहा मिलिमीटर व्यासाची एक लहानशी चकती पाण्यास टेकवून ती सुटून वर येण्यास किती भार लागतो, हे एका लहान ताजव्याने पाहिले. पाण्यावर धुळीचा वा स्निग्धतेचा लेशही राहू नये म्हणून ती त्याच पट्टीने पृष्ठभाग झाडून काढी. उपकरण इतके साधे होते, की आपल्या गावातील कोणताही पत्र्याचे काम करणारा कारागीर ते एका दिवसात करून देईल.

ह्या पन्हळाने तिला एक विलक्षण गोष्ट दाखविली. पाण्यावर तेलाचा अगदी अल्प अंश असून पृष्ठभाग विस्तीर्ण असेल, तर पृष्ठताण स्वच्छ पाण्याइतकाच राहतो. जणू तेल तेथे नाहीच. पट्टी सरकवून पृष्ठभाग लहान लहान करीत गेले तरी बराच वेळ काही फरक पडत नाही. मग एका ठराविक आकारापाशी आले, की ताण एकदम उतरू लागतो. ही मर्यादा प्रत्येक खेपेस, तेवढ्याच तेलास, तीच येते. ह्याचा अर्थ असा, की पृष्ठभागावर तेलाच्या कणांना पुरेशी मोकळी जागा असेतोवर ते आपला प्रभाव दाखवीत नाहीत. ते एकमेकांस खेटून उभे राहिले म्हणजेच पाण्याचा ताण मोडतो. आज हे आपणांस सहज कळते. परंतु त्या काळी रेणू खरोखरच असतात की नाही, ह्याविषयीही काही थोर विद्वानांना शंका होती, हे लक्षात ठेविले पाहिजे.

हे सर्व ज्ञान जवळ असूनही सुमारे दहा वर्षे ते जगापुढे आले नाही. तिने ते जर्मनीतील विद्वानांच्या कानावर घालून पाहिले. परंतु तेथे त्या वेळी ह्या विषयात कोणास फारसे स्वारस्य वाटले नाही. ना पदवी, ना हुद्दा, अशा घरगुती तरुणीचे टिपण शास्त्रीय मासिकात छापून कसे येणार? प्रयोग चालू राहिले आणि टिपणे घरातच पडून राहिली.

इकडे इंग्लंडात लॉर्ड रॅले नावाचे थोर पदार्थविज्ञ ह्याच विषयात शिरले होते. ते पूर्वी केंब्रिज येथे प्राध्यापक होते व नंतर एसेक्स परगण्यातील टर्लिंग येथे आपल्या घरीच प्रयोग करीत. पाण्यावर कापराचा खडा टाकिला तर तो गरगर फिरू लागतो. परंतु पाण्यावर तेलाचा पुरेसा थर असेल तर तो थबकतो. ८४ सेंटिमीटर व्यासाच्या टबात कापूर थांबविण्यास ऑलिव्ह तेल किती लागते, हे रॅले ह्यांनी तोलून पाहिले. ते एक मिलिग्रॅमहूनही कमी, सुमारे ०.८१ मिलिग्रॅम भरले. त्यावरून थराची जाडी सेंटिमीटरच्या एक कोटी भागांपैकी सुमारे १.६ भाग एवढी निघाली. हे निबंध १८९० साली प्रसिद्ध झाले आणि त्यांचा वृत्तान्त ब्राउनश्वाइगच्या त्या घरापर्यंत पोहोचला.

१० जानेवारी १८९१ रोजी आग्नेसबाईंनी रॅले ह्यांस जर्मन भाषेत एक लांब पत्र लिहिले. आपला परिचय थोडक्यात देऊन, धारिष्ट्याबद्दल क्षमा मागून, त्यांनी आपले पन्हळ, आपली पद्धत आणि आपली मोजमापे व्यवस्थित वर्णन केली. ह्या क्षणी रॅले काय करू शकले असते, ह्याचा विचार विद्यार्थ्यांनी करून पाहावा. पत्र टोपलीत टाकिता आले असते. त्यातील युक्ती उचलून ती स्वतःची म्हणून वापरणेही अशक्य नव्हते. कारण त्या परदेशस्थ बाईंचे कोणी ऐकले नसते. त्यांनी ह्यांपैकी काहीही केले नाही. त्यांच्या पत्नी लेडी रॅले ह्यांनी पत्राचे इंग्रजी भाषांतर केले, आणि रॅले ह्यांनी मार्च महिन्यात ते नेचर ह्या विख्यात साप्ताहिकाच्या संपादकांकडे शिफारशीसह धाडिले. १२ मार्च १८९१ च्या अंकात ते आग्नेसबाईंच्या नावाने छापून आले. पुढे १९०४ साली रॅले ह्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु त्यांच्या ह्या न्यायबुद्धीची किंमत त्या पारितोषिकाहून कमी समजू नये.

ह्यानंतर दार उघडले. १८९२ पासून पुढील दोन-तीन वर्षांत आग्नेसबाईंचे आणखी लेख नेचरमध्ये आले. त्यांनी एक नवी युक्तीही काढिली. स्निग्ध पदार्थ फार थोड्या प्रमाणात मोजून पाण्यावर ठेवणे कठीण. म्हणून तो बेंझीनमध्ये विरघळवून त्या द्रावणाचा थेंब पाण्यावर सोडावयाचा. बेंझीन उडून जाते आणि ठाऊक असलेल्या वजनाचा स्निग्ध थर मागे राहतो. अशा मोजमापांवरून आज हिशेब केला असता, दाटीने उभ्या राहिलेल्या स्निग्धाम्लाच्या एका रेणूच्या वाट्यास सुमारे वीस चौरस अँगस्ट्रॉम जागा येते. आणि अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग. १८९९ साली रॅले ह्यांनी ह्या प्रकारच्या प्रयोगांवरून अनुमान काढिले, की हा थर एकाच रेणूच्या जाडीचा असला पाहिजे. १९१७ साली अमेरिकेतील आयर्व्हिंग लँगम्यूर ह्यांनी हेच पन्हळ सुधारून रेणूंचा आकार व त्यांची उभे राहण्याची रीत सिद्ध केली. ते उपकरण आज बहुधा लँगम्यूर ह्यांच्या नावाने ओळखले जाते; परंतु त्याचा आद्य नमुना ब्राउनश्वाइगच्या घरात तयार झाला होता.

आता कोणी विचारील, की एका रेणूच्या जाडीचा थर मोजून लोकांस काय उपयोग? त्याचे उत्तर दुधाच्या पेल्यात, औषधाच्या बाटलीत आणि शेतावर फवारण्याच्या तैलयुक्त औषधांत आहे. तेल व पाणी एकत्र घुसळले तर तेलाचे बारीक थेंब होऊन पाणी दुधाळ दिसते. ह्या मिश्रणास शास्त्रात पायस म्हणतात. नुसत्या तेलपाण्याचे पायस टिकत नाही, काही मिनिटांतच वर तवंग येतो. तेच पाण्यात साबण असला तर तासन्‌तास टिकते. साबणाच्या रेणूचे एक टोक पाण्यास धरून राहते व दुसरे लांब टोक तेलात शिरते. असे असंख्य रेणू थेंबाच्या सभोवती एकेरी थर करून उभे राहतात, आणि ताण उतरवून थेंबाला थेंब मिळू देत नाहीत. अशा पदार्थांस पृष्ठसक्रिय पदार्थ म्हणतात. पाण्याच्या पृष्ठभागावर आग्नेसबाईंनी जी दाटी मोजली, त्याच प्रकारची दाटी येथे प्रत्येक थेंबाच्या भोवती असते.

म्हणून पायस टिकेल की फुटेल, हे कोणत्या गोष्टींवर अवलंबून असते ते आता समजण्यास सोपे जाईल. पहिली गोष्ट, साबण पुरेसा हवा. एक घनसेंटिमीटर तेलाचा एकच गोल थेंब केला तर त्याचा पृष्ठभाग पाच चौरस सेंटिमीटरही भरत नाही. परंतु तेच तेल मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या व्यासाच्या थेंबांत विभागले, तर एकूण पृष्ठभाग साठ हजार चौरस सेंटिमीटर, म्हणजे लहानशा खोलीच्या जमिनीएवढा होतो. वर सांगितलेल्या वीस चौरस अँगस्ट्रॉमच्या मापाने तो एकेरी थराने झाकावयाचा, तर स्निग्धाम्ल सुमारे चौदा-पंधरा मिलिग्रॅम लागेल. त्याहून फारच थोडे असेल तर काही जागा उघडी राहते आणि तेथे थेंब जुळतात. दुसरी गोष्ट, थेंब बारीक हवेत. तेल हलके असल्यामुळे वर चढू पाहते, परंतु थेंबाचा व्यास निम्मा केला तर चढण्याचा वेग चौथाईवर येतो. तिसरी, भोवतालचे पाणी गोंदासारख्या पदार्थाने दाट केले तर चढणे व जुळणे दोन्ही मंदावतात. चौथी, उष्णता, तिने द्रव पातळ होतात, थेंब अधिक वेगाने आदळतात आणि पायस सहसा लवकर फुटते. पाचवी, क्षार व आम्ल. साबणाने वेढलेल्या थेंबांवर ऋण विद्युत्‌भार असतो व त्यामुळे ते एकमेकांस दूर लोटतात. मीठ घातले म्हणजे ही शक्ती कमी पडते. पाणी जड असेल तर त्यातील चुनखडीचे क्षार साबणाचा साका करून टाकतात, आणि आम्लाने तर साबणाचे साबणपणच नाहीसे होते.

आणखी एक गोष्ट वेळेची आहे. १९०२ साली आग्नेसबाईंनी एका जर्मन नियतकालिकात पाणी, पाण्यातील द्रावणे व पायसे ह्यांचा पृष्ठताण आपोआप कसा उतरत जातो, ह्यावर निबंध प्रसिद्ध केला. नवा पृष्ठभाग तयार होतो त्या क्षणी तो उघडा असतो. पाण्यात विरघळलेले पदार्थ तेथवर येऊन जागा धरीपर्यंत काही काळ जावा लागतो. पायस करणारा कुशल मनुष्य तेल एकदम न ओतता थोडे थोडे घालून सारखे घोटीत राहतो, त्याचे एक कारण हेच. नवे थेंब झाकले जाण्यास सवड मिळते.

विद्यार्थ्यांनी हे घरी स्वतः पडताळून पाहावे. तीन सारख्या बाटल्यांत सारखे पाणी व चमचाभर शेंगदाण्याचे तेल घ्यावे. पहिलीत दुसरे काही घालू नये. दुसरीत व तिसरीत कपडे धुण्याच्या साध्या साबणाचा चुरा विरघळवून घ्यावा. तिन्ही बाटल्या सारख्याच वेळा जोराने हलवून ठेवाव्या आणि वर तवंग येण्यास किती मिनिटे लागतात ते घड्याळ लावून लिहून काढावे. मग तिसरीत लिंबू पिळून ती पुन्हा हलवावी. दुसरीतील पायस टिकून असता तिसरीतील फुटू लागेल, कारण आम्लाने साबण नाहीसा होतो. हल्लीच्या धुण्याच्या पुडीने मात्र असे सहसा होणार नाही, कारण ती निराळ्या रसायनांची असते; दोहोंतील हा फरक पाहणे हाही एक धडाच आहे. कोणत्या बाटलीत काय घातले व काय दिसले, हे त्याच वेळी लिहिले नाही तर प्रयोग केल्याचा उपयोग नाही.

आग्नेसबाईंचे पुढील आयुष्य सुखाचे होते असे म्हणता येत नाही. मातापितरांचे आजारपण वर्षानुवर्षे चालले आणि त्यांची स्वतःचीही प्रकृती नाजूक होती. प्रयोगास मिळणारा वेळ कमी कमी होत गेला. तरीही जमेल तेव्हा त्या लिहीत राहिल्या, आणि इंग्लंडातील जॉर्ज डार्विन ह्यांच्या भरतीओहोटीवरील ग्रंथाचे त्यांनी जर्मन भाषांतर केले. १९१३ साली त्यांचा भाऊ वारला. शास्त्रीय जगाशी जोडणारा जवळचा दुवा तुटला. पाठोपाठ पहिले महायुद्ध आले आणि परदेशी नियतकालिके मिळणे दुरापास्त झाले.

मान मिळाला तो उतारवयात. १९३१ साली जर्मनीच्या कोलॉइड संस्थेने त्यांना व फ्रान्सचे आंरी दव्हो ह्यांना मिळून लॉरा लेओनार्ड पारितोषिक दिले. १९३२ साली, सत्तराव्या वर्षी, ब्राउनश्वाइगच्या तंत्रविद्यापीठाने त्यांस सन्मान्य डॉक्टर ही पदवी अर्पण केली. त्याच वर्षी लँगम्यूर ह्यांस पृष्ठभागाच्या रसायनशास्त्रातील संशोधनाबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. २१ नोव्हेंबर १९३५ रोजी आग्नेसबाई ब्राउनश्वाइग येथे निवर्तल्या.

ह्या चरित्रावरून काय शिकावे? काही लोक ही कथा अशी सांगतात, की पाहा, घरातील मोरीपाशी उभे राहूनही शोध लागतात, मग मुलींना पुढे शिकविण्याची एवढी काय निकड? ह्या बोधाशी प्रस्तुत लेखक सहमत नाही. आग्नेसबाई शास्त्रज्ञ झाल्या त्या घरकामामुळे नव्हे, तर घरकाम असताही. दहा वर्षे त्यांचे ज्ञान पडून राहिले. उमेदीचा काळ असाच गेला. आणि भावाची पुस्तके व एका परकीय विद्वानाचे औदार्य नसते, तर हे सर्व त्यांच्याबरोबरच नाहीसे झाले असते. शुभवर्तमानातील त्या चाकराने धन्याचे धन जमिनीत पुरून ठेविले म्हणून त्यास दोष लागला. आग्नेसबाईंनी आपले धन पुरले नाही. परंतु त्यांच्या काळच्या समाजाने ते पुरण्याची सगळी तयारी केली होती. ज्या पालकांच्या घरी अशी एखादी कन्या पुस्तकात डोके खुपसून बसली असेल, त्यांनी ह्या गोष्टीचा शांतपणे विचार करावा.

ज्या भावांना बहिणी आहेत, त्यांनी फ्रीड्रिखचे अनुकरण करावे आणि आपले पुस्तक तिच्याही हाती द्यावे. पुढे ज्यांना मोठेपणा व अधिकार लाभेल, त्यांनी रॅले ह्यांची आठवण ठेवावी आणि अनोळखी माणसाचे पत्रही नीट वाचावे. त्यातील श्रेय ज्याचे त्यास द्यावे. आणि ज्यांच्यापाशी आज साधने नाहीत, त्यांनी पत्र्याचे ते पन्हळ आठवावे. निसर्गाकडे पाहणारे पुष्कळ असतात; पाहिलेले मोजणारे, आणि मोजलेले प्रामाणिकपणे लिहून ठेवणारे फार थोडे. त्या थोड्यांत आपल्या शाळेतील मुलामुलींची भर पडावी, एवढी प्रार्थना करून हा लेख पुरा करितो.